चार एमएमचा जॉइनर

माझं तासगावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नुसतं विकत नाही, रानात जाऊन फिटिंगही मीच करून देतो. चढावरून, ओढ्याखालून, दुसऱ्याच्या बांधाच्या कडेनं दोन-दोन किलोमीटर पाणी नेऊन दिलंय मी लोकांना. कुठं दाब पडणार, कुठं पाइप हवा धरणार, कुठला सांधा चार दिवसांत सुटणार, हे मला नुसतं बघून कळतं असा माझा समज होता. समज कसला, चांगला वीतभर वर आलेला गर्वच होता तो. त्यात स्वभाव असा, की सांध्याबद्दल कुणी मला दोन गोष्टी शिकवायला लागला की डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, तुमच्यापुढं बोलायचं म्हणजे आधी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. खोटं नाही म्हणत ती.

आबा म्हणजे माझे वडील. सतरा वर्षं फौजेत काढून आले आणि आल्या आल्या दोन एकर द्राक्षबाग लावली. बागेतच घर बांधलं. आजारपण म्हणून कधी खाटेवर पडलेले मला आठवत नाहीत. पण दोन वर्षांमागं कोरडा खोकला लागला तो जाईना. मग बागेत एक फेरी मारली तरी धाप लागायला लागली. मग दोन ओळी चालल्या तरी. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "फुप्फुसं निबर होत चाललीत. औषधानं थोडा आवर बसेल, पण झालंय ते मागं फिरणार नाही. आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, कायमचं."

आबा म्हणाले, "कायमचं म्हंजी द्राक्षांचा माल उतरूस्तवर का त्याच्या म्होरं?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. एकटे आबाच हसले आणि मग बराच वेळ खोकत बसले.

मशीन आलं ते सांगलीहून, एका गाडीवर बांधून. तेलाच्या दोन डब्यांएवढं, खाली चाकं. खोलीतलीच हवा ओढून घेतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडतं. बसवायला आलेला माणूस माझ्याच वयाचा, पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यानं सगळं नीट दाखवलं. या काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते, ती दोनच्या रेघेवर ठेवायची, म्हणजे दोन लिटर. ही पाण्याची बाटली, तिच्यातनं हवा गुडगुडत जाते, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. बाटलीच्या तोंडावर हे टोक, त्यावर नळी दाबून बसवायची आणि थोडी पिळायची.

"आणि मालक," तो म्हणाला, "रोज एकदा नाकातलं हे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बघा. बुडबुडे आले पाहिजेत. मशीनकडं बघून फसायचं नाही. नळीला मधे जोड देऊ नका. लांब पाहिजे असली तर डॉक्टरांना विचारा, मग मी अखंड मागवून देतो, आठवडाभरात येते."

झालं, माझी तिडीक गेली डोक्यात. "आवं पावणं," मी म्हटलं, "अख्ख्या तालुक्याची जोडाजोडी मी करतो. मला ग्लासातले बुडबुडे दाखवताय व्हय?"

त्यानं चष्मा वर केला आणि ग्लास भरून बायकोला दाखवलं. तिनं बघून घेतलं. मी तोवर बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत होतो.

मशीन मधल्या खोलीत ठेवलं, कारण इन्व्हर्टरचं बटण तिथंच. सुरुवातीला ओसरीवर आणून बघितलं होतं, पण माल उतरायचे दिवस, ट्रॅक्टरांची ये-जा, धुरळा नुसता. दोन दिवसांत मशीनची जाळी मातीनं बुजली आणि ते कुंई कुंई ओरडायला लागलं. परत आत. ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, पण तो लाईट पार गेली तर म्हणून राखलेला, त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं. म्हणजे आबा आत आणि बाग बाहेर. खोलीपासून बागेच्या पहिल्या ओळीपर्यंत साठ फूट. मी टेपनं मोजलं होतं.

आबा खाटेवर बसून कानानं बाग बघायचे. बायका माल तोडायला आल्या की त्यांचा आवाज ऐकून म्हणायचे, "आज तिसऱ्या ओळीत हायती काय? तिकडं घड लहान हायती, लय काढू नगा म्हणावं." मग थोड्या वेळानं, "मला नुसतं पहिल्या येलापतुर न्हे की रं. पुन्यांदा न्हाई मागणार काय."

या माणसानं मला उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. मला तर ऐकवेना. आठवडाभर थांब, डॉक्टरांना विचार, अखंड नळी मागव, एवढा धीर कुठला माझ्यात? दुकानात गेलो. मेडिकलमधनं नाकाच्या नळ्या आणल्या, सात-सात फुटांच्या, दहा. एकीचं नाकाचं टोक ठेवलं, बाकीची कापली. माझ्या दुकानात चार एमएमचा जॉइनर असतो, काळा, बोटाच्या पेराएवढा, दोन्ही बाजूंना कंगोरे. ठिबकच्या बारीक नळ्या त्यानं जोडतात. घालून बघितला तर ऑक्सिजनच्या नळीत काय चपखल बसला! जणू त्यासाठीच केलेला. नवे कोरे जॉइनर, गरम पाण्यात धुऊन घेतले. दहा तुकडे, नऊ सांधे. ओढून बघितले, एकही हलेना. आईला म्हटलं, "बघ, पंधरा मिनिटांचं काम. आणि ते म्हणे आठवडा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बागेत बसले.

मांडवाखाली पहिल्या वेलाशी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, अंगावर शाल, नाकात नळी. नळी मागं जमिनीवरून ओसरीची पायरी चढून आत गेलेली. आई तर रडायलाच लागली. आबांनी वर हात करून एक घड नुसता तळहातावर तोलला, तोडला नाही. मग सुरू झाले, "आगं ए, घड देठाला धर! मण्याला बोट लावू नगंस, त्याची पांढरी झाक जाती!" तोडणाऱ्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "आलं बाई सायेब डुटीवर." आबा ऐटीत म्हणाले, "मग? सुट्टी संपली."

मी ओसरीवर उभा राहून बघत होतो. लोकांच्या रानात पाणी पोचल्यावर ते माझ्याकडं बघतात ना, तसं मी माझ्याकडंच बघत होतो. खरं सांगतो, इतका आनंद मला दुकान टाकलं तेव्हाही झाला नव्हता.

दहा दिवस असे गेले. सकाळी नऊला बाहेर, ऊन कललं की आत. आत आले की मी लांब नळी काढून कंपनीची छोटी नळी लावायचो. बायको सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना बोटाला लावायच्या मशीनवर त्यांचा ऑक्सिजन बघायची. ब्याण्णव, त्र्याण्णव. सगळं ठाकठीक.

फरक एवढाच, की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आबा दुपारचे ओरडेनासे झाले. सकाळी बायकांना चार शब्द सुनवायचे, मग बाराच्या सुमाराला गप्प. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले. आई म्हणायची, बागेत आलं की कसं निवांत वाटतंय बघ त्यांना. मलाही तसंच वाटायचं. आपलं माणूस शांत बसलंय, याच्यापलीकडं काय बघायचं असतं?

अकराव्या दिवशी मी दुकानातनं दुपारी जेवायला घरी आलो. बायको आबांच्या खुर्चीजवळ उभी होती. मला म्हणाली, "आवं, ओठ बघा की त्यांचं. निळं दिसत्यात."

मी बघितलं. पहिल्या ओळीच्या कडेला आम्ही घरच्या खाण्यासाठी काळ्या द्राक्षांचे चार वेल ठेवलेत. आबांच्या मांडीवर त्याचाच अर्धा घड. मी म्हटलं, "काळी द्राक्षं खाल्ल्यावर ओठ काय पिवळे होतील?"

तिनं बोटाचं मशीन आणलं. ऐंशी.

"बोट चिकाट झालंय त्यांचं, पूस आधी."

तिनं पदरानं बोट पुसलं. एकोणऐंशी. मग तिनं तेच मशीन आपल्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"तुझं बोट तरणं आहे," मी म्हटलं. हे शब्द माझे आहेत. आज लिहिताना लाज वाटते, पण माझेच आहेत. "मशीन चालू आहे, बघ जा. मी आत्ताच बघून आलोय, गोळी दोनवर आहे, बाटली गुडगुडतीय. उगं शहाणपणा नको."

ती आयुष्यात पहिल्यांदा माझं न ऐकता गेली. स्वयंपाकघरातनं पाण्याचा ग्लास घेऊन आली. आबांच्या नाकातनं नळी काढली आणि टोक ग्लासात बुडवलं.

पाणी हललंसुद्धा नाही.

मग मी गुडघ्यांवर बसलो आणि नळीला हात लावत मागं सरकत गेलो. पहिला सांधा, दुसरा, तिसरा. पायरीच्या कोपऱ्यावर, जिथं दुपारचं ऊन थेट पडतं, तिथला सांधा बोटाला गार लागला. वारं सगळं तिथं चाललं होतं. उन्हानं नळी मऊ पडून तोंड पसरलेलं. जॉइनर जागेवरच होता, बाहेरून बघितलं तर काही झालेलं नाही. पुढच्या सांध्याचीही तीच गत. सकाळच्या गारव्याला नळी आवळून धरायची, दुपारी सोडून द्यायची, रोज.

माझ्या धंद्यात सांधा सुटला की माती ओली होते. आंधळ्यालासुद्धा पायाला कळतं. हवा गळली तर काही ओलं होत नाही हो. मशीनला वाटतं आपण दोन लिटर देतोय, बाटलीला वाटतं आपल्यातनं वारं गेलं, आणि शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत काही पोचलेलं नसतं. त्या चष्मेवाल्यानं हेच ग्लास भरून दाखवलं होतं. मी तेव्हा फोनवर होतो.

मी सिलिंडरकडं धावलो. गाडी अंगणातच होती. आबांना उचलून गाडीत बसवलं, शेजारी सिलिंडर ठेवला, छोटी नळी घेतली, आणि त्याच्या टोकावर ती बसेना. दाबायला जावं तर टोक एकीकडं आणि नळी एकीकडं. तासगावात ज्याला लोक सांध्याचा डॉक्टर म्हणतात त्याला एक नळी एका टोकावर बसवता येईना. बायकोनं माझ्या हातातनं ती काढून घेतली, दाबली, पिळली, लावली. "चला," म्हणाली.

सांगलीत आबांना आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि विचारलं, "ऑक्सिजन बंद किती वेळ होता?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

"साधारण?"

"साहेब, खरंच सांगता येत नाही." दहा दिवसांतल्या किती दुपारी, एका दुपारचे किती तास, एका सांध्यातनं किती, दुसऱ्यातनं किती. पाण्याचं असतं तर मी ताशी लिटर काढून दिले असते. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "फुप्फुसांत आधीच राखीव काही नव्हतं. आता बघू."

आत तोंडावर मोठा मास्क लावलेला. त्याची जाड नळी, तिला कोपरासारखी वाकलेली एक पांढरी कोपरी, कोपरीला दुसरी नळी, मग भिंतीतलं टोक. सलाईनची वेगळी, तिला तीन तोंडांचा एक निळा सांधा. मी भेटायच्या वेळेत जाऊन आबांच्या तोंडाकडं बघायचो नाही, सांधेच मोजायचो. एकदा न राहवून कोपरीला हात लावला तर नर्स खेकसली, "ओ काका, हात लावायचा नाही तिथं!" मी हात मागं घेतला आणि पाठीमागं बांधून उभा राहिलो. मला कुणी असं बोललेलं मी ऐकून घेतलेलं ते पहिल्यांदाच.

बारा दिवसांनी घरी आणलं. आता दोन लिटरवर भागत नव्हतं, पाच लागायचे, म्हणजे मशीन पुऱ्या ताकदीवर. डॉक्टरांनी बजावलं, आहे तीच छोटी नळी, लांब नळीचं नाव काढायचं नाही. आबांना उठून बसलं तरी धाप लागायची. माल कधीच उतरून गेला होता, एप्रिलची छाटणीही झालेली, वेलींना नवीन फुटवे यायला लागले होते. मधल्या खोलीच्या दारातनं समोर ट्रॅक्टरची शेड दिसते, बाग दिसत नाही. मी रोज एक फुटवा तोडून आणून त्यांच्या हातात द्यायचो. ते पानं मोजायचे आणि उशीखाली ठेवायचे.

एका सकाळी म्हणाले, "एक सांधा दे की रं. दोन द्यायचंच नगं, एकच. वसरीपतुर."

"नाही देता येत, आबा."

"तू म्हणतूस न्हाई येत?"

"व्हय. मीच म्हणतोय."

ते बराच वेळ दम घेत राहिले. मग म्हणाले, "तवा बी वारं येत न्हवतं. मला ठावं हुतं."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कवा?"

"बागंत. दुपारचं. नाकाला गार लागायचं बंद व्हायचं. तिसऱ्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलला का न्हाईसा?" माझा आवाज चढला. त्या खाटेवरच्या माणसावर मी ओरडलो. "एक शब्द बोलायचा! मी घरात नव्हतो, पण ह्या दोघी होत्या की! एक शब्द!"

आबांनी मला ओरडून घेऊ दिलं. मग दोन शब्द, दम, दोन शब्द, दम, असं म्हणाले, "बोललो असतो... तर तू... नळी काढली असतीस. आत आणलं असतंस मला." आणि थोड्या वेळानं, "आन तू किती खुशीत हुतास. वसरीवर उबा ऱ्हाऊन बगत हुतास... मी बगितलं तुला."

मी उठून बाहेर गेलो. ट्रॅक्टरच्या शेडमागं जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडलो. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

त्यानंतर मी दुकान मागं टाकलं. दर तासाला ग्लास भरून आणायचा, नळीचं टोक काढायचं, बुडवायचं, बुडबुडे बघायचे, पुसून परत नाकात लावायचं. आबा म्हणायचे, "काय, पोचलं का पानी रानात?" मी म्हणायचो, "पोचलं." ते म्हणायचे, "मग मोटार बंद करू नगंस." ही आमची चेष्टा होती, अठरा-वीस दिवस चालली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी चहाच्या वेळेला, आई त्यांच्या उशाशी बसली होती. तिनं मला हाक मारली, मोठ्यानं नाही, नेहमीसारखीच. मी ग्लास घेऊनच आत गेलो, माझी ती वेळच होती. आबांची छाती हलत नव्हती. मी आईकडं बघितलं नाही. त्यांच्या नाकातनं टोक काढलं आणि ग्लासात बुडवलं.

बुडबुडे येत होते. भरभरून, पाचच्या पाच लिटर, पाणी काठाबाहेर उडेपर्यंत. मी बाटलीचा सांधा बघितला, घट्ट. मशीनचा बघितला, घट्ट. नळी बोटात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, कुठं इवलीशीसुद्धा गळती नाही. परत बुडवलं. परत बुडबुडे.

आईनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि म्हणाली, "सगळं बराबर हाय, लेकरा. आता मोटार बंद कर."